लिनक्समधील होम डिरेक्टरीविना वापरकर्ता खाती : कार्यपद्धती आणि ग्रामीण महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील उपयोजन

गोषवारा

लिनक्स या संगणक प्रणालीत वापरकर्त्याचे खाते आणि त्या वापरकर्त्याची होम डिरेक्टरी या दोन स्वतंत्र बाबी आहेत. खात्याची नोंद करूनही होम डिरेक्टरी निर्माण न करणे शक्य असते आणि अनेक प्रसंगी तेच इष्ट असते. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेमागील तत्त्व, संबंधित आज्ञांचे विविध वितरणांतील वर्तन, तिचे योग्य उपयोग व तिच्यापासून संभवणारे धोके यांचे विवेचन केले आहे. शहापूर-मुरबाड परिसरातील महाविद्यालयांची संगणक प्रयोगशाळा डोळ्यांसमोर ठेवून, कोणते खाते होम डिरेक्टरीविना असावे आणि कोणते असू नये याविषयी काही निकष मांडले आहेत.

बीजसंज्ञा : लिनक्स, वापरकर्ता खाते, होम डिरेक्टरी, सेवा खाते, संगणक प्रयोगशाळा

१. प्रस्तावना

महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत लिनक्स प्रणाली बसविली की प्रशासनाची जबाबदारी बहुधा संगणकशास्त्राच्या किंवा माहिती तंत्रज्ञानाच्या प्राध्यापकांवरच येऊन पडते. मोठ्या शहरांतील संस्थांप्रमाणे स्वतंत्र प्रणाली प्रशासक नेमणे ग्रामीण महाविद्यालयास परवडत नाही. वर्षाच्या आरंभी शेकडो खाती निर्माण करणे, वर्षाअखेर ती बंद करणे, प्रात्यक्षिक परीक्षेसाठी तात्पुरती खाती देणे ही सर्व कामे अध्यापनाच्या जोडीने करावी लागतात. अशा वेळी एखाद्या पुस्तिकेतील आज्ञा जशीच्या तशी टंकित केली जाते आणि तिच्या परिणामांचा विचार मागे पडतो.

मुंबई येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पामुळे लिनक्सचे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध झाले आहेत. ते उतरवून घेऊन इंटरनेटविनाही दाखविता येतात, ही ग्रामीण भागाच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. खाते निर्माण करणे, बदलणे व काढून टाकणे यांची तोंडओळख अशा पाठांतून होते. तथापि खात्याला होम डिरेक्टरी द्यावी की देऊ नये हा प्रश्न आज्ञेचा कमी आणि निर्णयाचा अधिक आहे. त्या निर्णयास साहाय्य व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आज्ञा, त्यांचे पर्याय व फाइलींची नावे प्रत्यक्षात रोमन लिपीत टंकित करावी लागतात. लेखात ती उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत.

२. खात्याची नोंद आणि प्रत्यक्ष जागा

भातसानगर ही भातसा धरण प्रकल्पाच्या निमित्ताने वसलेली वसाहत आहे. अशा प्रकल्प-वसाहतीत राहिलेल्या व्यक्तीस एक भेद सांगावा लागत नाही. हजेरीपटावर नाव असणे वेगळे आणि वसाहतीत क्वार्टर मिळणे वेगळे. क्वार्टर नसलेला कामगारही कामावर असतो, त्याला कामाचे अधिकार असतात व त्याने केलेल्या कामाची नोंद त्याच्याच नावावर होते. क्वार्टरचे वाटप हा निराळा आदेश असतो. लिनक्समधील खाते आणि होम डिरेक्टरी यांचा संबंध नेमका असाच आहे.

खात्यांची नोंद 'ईटीसी' या डिरेक्टरीतील 'पासडब्ल्यूडी' नावाच्या फाइलीत असते. प्रत्येक खात्यास एक ओळ आणि प्रत्येक ओळीत अपूर्णविरामांनी विभागलेले सात रकाने असतात : खात्याचे नाव, पासवर्डची खूण, वापरकर्ता क्रमांक, गट क्रमांक, वर्णन, होम डिरेक्टरीचा मार्ग आणि प्रवेशानंतर सुरू होणारा शेल. पासवर्डच्या जागी सामान्यतः केवळ 'एक्स' हे अक्षर असते. त्याचे सांकेतिक रूप 'शॅडो' या वेगळ्या फाइलीत राखले जाते व ती फाइल सामान्य वापरकर्त्यास वाचता येत नाही.

या सात रकान्यांपैकी सहावा रकाना हा केवळ एक पत्ता आहे. त्या पत्त्यावर खरोखर डिरेक्टरी आहे की नाही, याची ती फाइल तपासणी करीत नाही. प्रणालीचा गाभा असलेल्या कर्नललाही होम डिरेक्टरी ही संकल्पना ठाऊक नसते. कर्नल ओळखतो तो वापरकर्ता क्रमांक. फाइल कोणाच्या मालकीची आणि ती कोण वाचू शकेल, हे सर्व त्या क्रमांकावरून ठरते. प्रवेश देणारा कार्यक्रम सहावा रकाना वाचतो, 'होम' नावाच्या परिसर-चलात तो मार्ग भरतो आणि वापरकर्त्यास त्या डिरेक्टरीत नेऊन सोडण्याचा प्रयत्न करतो. एवढ्यानेच होम डिरेक्टरीस अर्थ प्राप्त होतो.

प्रत्यक्ष डिरेक्टरी निर्माण करण्याचे काम खाते उघडणारी आज्ञा करते. ती डिरेक्टरी तयार करते, 'ईटीसी'मधील 'स्केल' या नमुना-डिरेक्टरीतील आरंभीच्या फाइली तेथे उतरविते व त्यांची मालकी नव्या वापरकर्त्याकडे सोपविते. ही कृती वगळली तरी खाते पूर्ण होते. सहाव्या रकान्यात पत्ता मात्र राहतो, कारण ती नोंद स्वतंत्रपणे होत असते.

३. आज्ञा आणि त्यांचे वर्तन

खाते उघडण्यासाठी मुख्यतः दोन आज्ञा वापरल्या जातात : 'युजरॲड' आणि 'ॲडयुजर'. या नावांच्या सारखेपणामुळे होणारा गोंधळ अध्यापनातही वारंवार अनुभवास येतो.

युजरॲड ही सर्व प्रमुख वितरणांत आढळणारी मूळ आज्ञा आहे. तिला 'क्रिएट-होम' हा पर्याय दिल्यास होम डिरेक्टरी निर्माण होते आणि 'नो-क्रिएट-होम' हा पर्याय दिल्यास होत नाही. या पर्यायांची संक्षिप्त रूपे अनुक्रमे रोमन 'एम' या अक्षराचे लहान व मोठे रूप अशी आहेत. एका अक्षराच्या लहान-मोठेपणाने उलट परिणाम घडत असल्याने, लेखी सूचनांत पूर्ण रूपच द्यावे. दोन्हींपैकी कोणताही पर्याय न दिल्यास काय होईल, हे 'लॉगिन.डेफ्स' या फाइलीतील 'क्रिएट_होम' या नोंदीवर अवलंबून असते. रेड हॅट परिवारातील वितरणांत ही नोंद होकारार्थी असते. म्हणून तेथे काही न सांगता डिरेक्टरी तयार होते. डेबियन व उबुंटू यांत ती तशी नसल्याने युजरॲड ही आज्ञा काही न सांगता डिरेक्टरी तयार करीत नाही. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणाली डेबियनवर आधारित असल्याने तिच्याबाबतही हीच सावधगिरी बाळगावी.

ॲडयुजर ही डेबियन परिवारातील सोयीची आज्ञा असून ती प्रश्न विचारीत खाते उघडते व सामान्य वापरकर्त्यासाठी होम डिरेक्टरी आपणहून तयार करते. तिलाही 'नो-क्रिएट-होम' हा पर्याय देता येतो. रेड हॅट परिवारात मात्र ॲडयुजर हे युजरॲडचेच दुसरे नाव आहे. सारांश, एकाच नावाची आज्ञा दोन प्रयोगशाळांत भिन्न वागू शकते. म्हणून हवा असलेला परिणाम नेहमी पर्यायाने स्पष्ट सांगणे हाच सुरक्षित मार्ग होय.

सेवांसाठी युजरॲडला 'सिस्टिम' हा पर्याय देता येतो. अशा खात्यास सामान्य वापरकर्त्यांपेक्षा खालच्या श्रेणीतील क्रमांक मिळतो. आजच्या वितरणांत सामान्य वापरकर्त्यांचे क्रमांक १००० पासून सुरू होतात. सिस्टिम खाते उघडताना युजरॲड होम डिरेक्टरी निर्माण करीत नाही. ती हवी असल्यास तसे स्पष्ट सांगावे लागते.

'गोदाम' नावाचे असे एक खाते उघडल्यास त्याची ओळ पुढीलप्रमाणे दिसेल :

गोदाम:एक्स:९९८:९९८::/नॉनएक्झिस्टंट:/यूएसआर/एसबिन/नोलॉगिन

येथे सहाव्या रकान्यात 'नॉनएक्झिस्टंट', म्हणजे अस्तित्वात नसलेला, असा मार्ग हेतुपुरस्सर दिला आहे. पत्ता न दिल्यास आज्ञा तेथे 'होम' डिरेक्टरीखालील नेहमीचा मार्ग लिहून ठेवते आणि पुढे नोंद वाचणाऱ्यास ती डिरेक्टरी चुकून नष्ट झाली, की मुळातच नव्हती, हे कळत नाही. डेबियनमधील 'नोबडी' या खात्याचा पत्ता याच पद्धतीने लिहिलेला असतो.

४. होम डिरेक्टरी नसणे म्हणजे प्रवेशबंदी नव्हे

या विषयातील सर्वाधिक प्रचलित गैरसमज असा, की होम डिरेक्टरी नसलेल्या खात्याने कोणास प्रवेश करता येत नाही. वस्तुस्थिती तशी नाही. पासवर्ड दिलेला असेल आणि शेल चालू असेल, तर वापरकर्ता बहुतांश ठिकाणी प्रवेश करू शकतो. डिरेक्टरी सापडत नसल्याची सूचना देऊन प्रणाली त्याला मूळ डिरेक्टरीत उभे करते. लॉगिन.डेफ्समधील एका नोंदीने असा स्थानिक प्रवेश नाकारता येतो, परंतु दूरस्थ प्रवेशाच्या एसएसएच सेवेस ते बंधन लागू होत नाही.

म्हणून प्रवेश रोखायचा असल्यास तीन गोष्टी स्वतंत्रपणे कराव्यात. सातव्या रकान्यात 'नोलॉगिन' हा शेल द्यावा. पासवर्ड देऊ नये किंवा तो कुलूपबंद ठेवावा. ज्या सेवेशी खात्याचा संबंध नाही, त्या सेवेच्या मांडणीत ते खाते वगळावे. नोलॉगिन शेलमुळे आज्ञापटल मिळत नाही, हे खरे. परंतु शेलची गरज नसलेल्या सेवा त्या खात्याची ओळख मान्य करू शकतात.

याउलट, होम डिरेक्टरी नको म्हणून सहाव्या रकान्यात 'टेंप' या सामाईक तात्पुरत्या डिरेक्टरीचा मार्ग देणे ही गंभीर चूक होय. त्या डिरेक्टरीत कोणीही फाइल निर्माण करू शकतो. एखाद्या खोडकर वापरकर्त्याने तेथे शेलच्या आरंभीची फाइल ठेवली, तर त्या खात्याने प्रवेश होताच तीतील आज्ञा खातेधारकाच्या अधिकाराने चालतील. अस्तित्वात नसलेला पत्ता निरुपद्रवी असतो. सर्वांसाठी खुला असलेला पत्ता तसा नसतो.

५. होम डिरेक्टरीविना खाते कोठे योग्य

अशा खात्यांचे पहिले क्षेत्र म्हणजे सेवा. वेब सर्व्हर, मुद्रण, विदासंच इत्यादी सेवा प्रशासकाच्या सर्वाधिकारी खात्याने चालविणे धोक्याचे असते. सेवेत दोष आढळल्यास आक्रमकास संपूर्ण यंत्रावर ताबा मिळू शकतो. प्रत्येक सेवेस मर्यादित अधिकाराचे स्वतंत्र खाते दिल्यास हानी त्या सेवेपुरती राहते. अशा खात्यामागे मनुष्य नसल्याने त्याला वैयक्तिक जागा लागत नाही. काही सेवांना कार्यसाहित्यासाठी जागा लागते व तेव्हा सहाव्या रकान्यात तिचा मार्ग देतात. डेबियनमध्ये 'पोस्टग्रेस' खात्याचा पत्ता विदासंचाच्या डिरेक्टरीचा असतो, तो याच कारणाने.

दुसरे क्षेत्र सामाईक फाइलसाठ्याचे. कार्यालय व ग्रंथालय येथील विंडोज यंत्रांना सांबा या सेवेद्वारे लिनक्स सर्व्हरवरील फाइली देता येतात. सांबासाठी कर्मचाऱ्याचे लिनक्स खाते आवश्यक असते, परंतु तो कर्मचारी सर्व्हरवर बसून काम करणार नसतो. येथे होम डिरेक्टरीविना, नोलॉगिन शेलचे खाते उघडून सांबाचा पासवर्ड वेगळा देणे पुरेसे ठरते. वैयक्तिक होम डिरेक्टरी वाटून देणारा सांबाचा विभाग मात्र अशा वेळी बंद ठेवावा.

तिसरे क्षेत्र प्रयोगशाळेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. विद्यार्थी आज एका यंत्रावर, तर उद्या दुसऱ्या यंत्रावर बसतो. सर्वांच्या होम डिरेक्टरी एका सर्व्हरवर ठेवून एनएफएस पद्धतीने त्या प्रत्येक यंत्रावर जोडल्यास, कोठेही बसले तरी स्वतःचे काम समोर येते. अशा वेळी प्रत्येक यंत्रावर खाते उघडताना 'नो-क्रिएट-होम' हाच पर्याय द्यावा लागतो, कारण घर अगोदरच सर्व्हरवर बांधलेले असते. शिवाय एनएफएसच्या सामान्य मांडणीत एखाद्या यंत्राच्या प्रशासकास सर्व्हरवरील डिरेक्टरीत विशेषाधिकार नसतात, त्यामुळे तेथून डिरेक्टरी निर्माण करण्याचा प्रयत्न बहुधा फसतो. एकाच विद्यार्थ्याचा वापरकर्ता क्रमांक सर्व यंत्रांवर सारखा असणे ही या पद्धतीची अट आहे. क्रमांक भिन्न असल्यास एकाच्या फाइली दुसऱ्याच्या मालकीच्या ठरतात. खाती केंद्रीय पद्धतीने ठेवली असल्यास हा प्रश्न उद्भवत नाही. तेथे प्रथम प्रवेशाच्या वेळी होम डिरेक्टरी तयार करणारा 'पॅम-एमकेहोमडिर' हा घटकही वापरता येतो.

६. विद्यार्थ्यांचे खाते : एक वेगळा विचार

जागा वाचविण्यासाठी किंवा वर्षाअखेर सफाई सोपी व्हावी म्हणून विद्यार्थ्यांना होम डिरेक्टरीविना खाती द्यावीत, असा विचार काही वेळा पुढे येतो. त्याची तपासणी आवश्यक आहे.

तांत्रिकदृष्ट्या असे खाते अपंगच राहते. चित्रमय पटलावर प्रवेश केल्यास पटल सुरू न होता वापरकर्ता बहुधा पुन्हा प्रवेशद्वाराशी येतो, कारण पटलाच्या मांडणीच्या फाइली लिहिण्यास जागा नसते. ब्राउझर व लेखन-कार्यक्रमांना आपापली मांडणी जतन करता येत नाही. आज्ञांचा इतिहास राहत नाही. एसएसएचच्या किल्ल्या सामान्यतः होम डिरेक्टरीतच शोधल्या जातात.

यापेक्षा गंभीर बाब पुढील होय. ज्याला स्वतःची जागा नाही, तो विद्यार्थी आपला प्रोग्राम टेंप डिरेक्टरीत लिहितो. तेथे दुसऱ्याला त्याची फाइल पुसता येत नाही, एवढे संरक्षण असते. परंतु नव्या फाइलीस मिळणाऱ्या नेहमीच्या परवान्यांनुसार ती फाइल इतर सर्वांना वाचता येते. प्रात्यक्षिक परीक्षेत याचा अर्थ काय होतो, हे प्राध्यापकांस सांगावयास नको. शिवाय अनेक वितरणांत यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले की ही डिरेक्टरी रिकामी होते. वीज गेली की दोन तासांचे काम गेले, अशी ही अवस्था आहे.

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील वाड्या-पाड्यांवरून येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी संगणक नसतो. शहरातील विद्यार्थी अपुरे काम घरच्या यंत्रावर पूर्ण करतो. या विद्यार्थ्याला मात्र प्रयोगशाळेतील होम डिरेक्टरी हीच आपले काम ठेवण्याची एकमेव जागा असते. ती नाकारणे म्हणजे प्रत्येक तासाला त्याला पहिल्या ओळीपासून आरंभ करावयास लावणे होय.

या संदर्भात मुरबाडच्या शेजारच्या कर्जत तालुक्यातील खैराट-धनगरवाडा येथील प्राथमिक शाळेचे उदाहरण उद्बोधक आहे. 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातील प्रारंभीचा प्रयोग २००७ साली तेथे झाला. त्या लॅपटॉपमध्ये फेडोरावर आधारित लिनक्स प्रणाली होती. यंत्र एकाच मुलाचे असल्याने त्यावर 'ओएलपीसी' या नावाचे एकच सामान्य खाते असे व मुलाने केलेले चित्र, लेखन, खेळ हे सारे त्या खात्याच्या होम डिरेक्टरीत आपोआप जतन होई. योजनेच्या यशापयशाची चर्चा येथे प्रस्तुत नाही. मुलाने केलेले काम मुलापाशी राहिले पाहिजे, हे तत्त्व तेथे यंत्राच्या रचनेतच गृहीत धरले होते, एवढेच लक्षात घ्यावे. अनेकांनी मिळून वापरावयाच्या यंत्रावर तेच तत्त्व प्रत्येक विद्यार्थ्याच्या होम डिरेक्टरीने साधावे लागते. जागेची मर्यादा हा खरा प्रश्न असल्यास त्यासाठी प्रत्येकाच्या साठ्यावर मर्यादा घालणारी 'कोटा' ही सोय लिनक्समध्ये आहे.

परीक्षेपुरत्या खात्यांनाही होम डिरेक्टरी असावी. ती इतरांना वाचता येणार नाही अशा परवान्यांनी द्यावी. उबुंटूच्या २१.०४ या आवृत्तीपूर्वी नव्या होम डिरेक्टरी इतरांना वाचता येण्याजोग्या असत. त्या काळापासून चालत आलेल्या खात्यांचे परवाने म्हणूनच एकदा तपासून घ्यावेत.

७. चुकीची दुरुस्ती आणि खात्याचा शेवट

चुकून होम डिरेक्टरीविना उघडलेले खाते काढून टाकण्याची गरज नसते. 'युजरमॉड' या आज्ञेने पत्ता बदलता येतो. परंतु मुळात डिरेक्टरीच नसेल, तर ती आज्ञा नवी निर्माण करीत नाही. त्यासाठी प्रशासकाने डिरेक्टरी तयार करावी, स्केलमधील फाइली तेथे उतरवाव्यात, मालकी विद्यार्थ्याच्या नावे करावी व शेवटी परवाने निश्चित करावेत. 'एमकेहोमडिर_हेल्पर' ही आज्ञा उपलब्ध असल्यास हे काम एका ओळीत होते. मालकी बदलण्याची पायरी विसरली, तर घर बांधले जाते, पण किल्ली प्रशासकाकडेच राहते.

खाते बंद करतानाही नोंद व जागा यांचा भेद ध्यानात ठेवावा लागतो. 'युजरडेल' ही आज्ञा केवळ नोंद काढते. 'रिमूव्ह' हा पर्याय दिल्यासच होम डिरेक्टरी नष्ट होते. तो न दिल्यास फाइली जुन्या क्रमांकाच्या मालकीने तशाच राहतात. युजरॲड नवा क्रमांक देताना सामान्यतः विद्यमान खात्यांतील सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या पुढचा क्रमांक घेते. त्यामुळे शेवटचे खाते काढल्यास त्याचाच क्रमांक पुढील नव्या विद्यार्थ्यास मिळतो आणि आधीच्या विद्यार्थ्याच्या फाइलींचा तो नकळत मालक होतो. यासाठी खाते काढण्यापूर्वी त्या क्रमांकाच्या सर्व फाइली 'फाइंड' या आज्ञेने शोधाव्यात, विद्यार्थ्यास आपल्या कामाची प्रत नेऊ द्यावी आणि मगच पुढील कार्यवाही करावी.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) खात्याची नोंद आणि होम डिरेक्टरी या स्वतंत्र बाबी असून त्यांविषयीचे निर्णयही स्वतंत्रपणे घ्यावेत.

२) वितरणाच्या गृहीत वर्तनावर विसंबून न राहता डिरेक्टरी हवी की नको, हे आज्ञेतच स्पष्ट लिहावे.

३) होम डिरेक्टरी न देणे हा सुरक्षेचा उपाय नव्हे. प्रवेश रोखण्यासाठी शेल, पासवर्ड व सेवांची मांडणी यांकडे लक्ष द्यावे.

४) सेवा, फाइलसाठ्याची खाती आणि सर्व्हरवर घर असलेली यंत्रे येथे होम डिरेक्टरीविना खाते योग्य होय.

५) खात्यामागे शिकणारा मनुष्य असेल, तर त्याला स्थानिक यंत्रावर वा सर्व्हरवर स्वतःची, इतरांना न वाचता येणारी जागा मिळालीच पाहिजे.

खाते उघडण्यापूर्वी प्रशासक-प्राध्यापकाने स्वतःस एकच प्रश्न विचारावा : या खात्याने केलेले काम उद्या कोणास हवे असणार आहे काय? उत्तर नकारार्थी असेल, तर होम डिरेक्टरीची आवश्यकता नाही. उत्तर होकारार्थी असेल, तर ते काम कोठे राहील हे खाते उघडतानाच ठरवून ठेवणे हे त्याचे कर्तव्य ठरते.